टाइनहॅम : परत येण्याच्या बोलीवर सोडलेले गाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यातील पर्बेक भागात टाइनहॅम नावाचे एक लहानसे गाव आहे. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘टाइनम’ असा करतात. गावात चर्च आहे, शाळा आहे, टपाल कचेरीची ओळखीची चाळवजा घरे आहेत, रस्त्याकडेला दूरध्वनीची पांढरी खोली आहे. फक्त गावकरी नाहीत. १९४३ च्या नाताळाला सहा दिवस उरले असताना, १९ डिसेंबर रोजी, हे गाव रिकामे करण्याची मुदत संपली आणि त्यानंतर या गावात कोणीही पुन्हा राहावयास आले नाही.

रिकामे झालेले गाव ही इंग्लंडच्या इतिहासात नवी गोष्ट नव्हे. मध्ययुगात प्लेगने आणि पुढे मेंढपाळीसाठी जमिनी बळकावणाऱ्या सरदारांनी कितीतरी वस्त्या पुसून टाकल्या. टाइनहॅमचे वेगळेपण असे की, येथील माणसे स्वखुशीने नव्हे, पण विश्वासाने निघाली. लढाई संपली की घरी परत जाता येईल, असे त्यांना सरकारी कागदावरच सांगण्यात आले होते. ते वचन पाळले गेले नाही. त्यामुळे या गावाच्या आठवणी हा केवळ स्मरणरंजनाचा विषय न राहता पुढे तीस वर्षे चाललेल्या भांडणातील पुरावा ठरल्या.

दरी, डोंगर आणि समुद्र

टाइनहॅम वसले आहे ते दोन डोंगररांगांमधील एका चिंचोळ्या दरीत. उत्तरेकडे खडूच्या दगडाची उंच धार, तिच्या पश्चिम टोकाला ‘फ्लॉवर्स बॅरो’ हा लोहयुगीन गढीचा अवशेष. या गढीचा समुद्राकडील भाग कडा खचून केव्हाच लाटांत गेला आहे. दरी जेथे समुद्राला मिळते तेथे वॉरबॅरोचा उपसागर. गावापासून किनाऱ्यापर्यंतची वाट सुमारे मैलभराची, ओढ्याकाठच्या झाडीतून जाणारी. या झाडीला स्थानिक बोलीत ‘ग्वाइल’ म्हणतात.

१०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या राजाज्ञेने झालेल्या जमीन-मोजणीच्या दफ्तरात गावाची नोंद ‘टिगेहॅम’ अशी सापडते. सेंट मेरीचे चर्च मुळात तेराव्या शतकातील; एकोणिसाव्या शतकात त्यात बरीच भर पडली. १६८३ मध्ये येथील जमीन बाँड घराण्याने विकत घेतली आणि तेथून पुढे अडीचशेहून अधिक वर्षे टाइनहॅमचा इतिहास म्हणजे बाँड घराण्याचा इतिहास असे समीकरण होऊन बसले. एलिझाबेथकालीन ‘टाइनहॅम हाउस’ हा त्यांचा वाडा गावापासून थोड्या अंतरावर, झाडांच्या आड उभा होता. शेते त्यांची, घरे त्यांची, शाळेची इमारत त्यांच्या कृपेची आणि चर्चमधील धर्मोपदेशकाची जागाही कित्येकदा त्यांच्याच नात्यातल्या माणसाकडे. गावातील शेतमजूर, माळी, धोबीण, गवंडी, सगळेच कोणत्या ना कोणत्या प्रकारे वाड्याशी बांधलेले. अपवाद म्हणावा तर वॉरबॅरोच्या कोळ्यांचा. बांगडे आणि शेवंड पकडून जगणारी ही कुटुंबे समुद्राकडे तोंड करून राहत. अर्थात त्यांच्या डोक्यावरचे छप्परही भाड्याचेच होते.

ही भाड्याची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

शाळेतील खुंट्या

आज टाइनहॅमला जाणारा पर्यटक सर्वाधिक वेळ रेंगाळतो तो शाळेत. एकाच खोलीची ही शाळा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधली गेली. लहानमोठी सारी मुले तेथे एकत्र बसत. नंतरच्या काळात इमारतीची डागडुजी करून ती पूर्वीसारखी मांडण्यात आली आहे. बाके, फळा, भिंतीवरची चित्रे आणि दाराशी मुलांचे कोट अडकविण्याच्या खुंट्या; प्रत्येक खुंटीवर एका विद्यार्थ्याचे नाव. बाकांवर मुलांनी केलेल्या निसर्ग-निरीक्षणाच्या वह्या आहेत. कोणते फूल केव्हा उमलले, कोणता पक्षी कोठे दिसला, याच्या त्या नोंदी. शहरातील शाळेत ज्या गोष्टी चित्र दाखवून शिकवाव्या लागतात त्या या मुलांना शाळेच्या वाटेवरच भेटत होत्या. वॉरबॅरोहून येणारी कोळ्यांची मुले ओढ्याकाठची ती मैलभराची वाट रोज दोनदा तुडवीत. पाऊस असो वा समुद्रावरचा वारा, त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

पण या खुंट्यांकडे पाहून हळहळणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. ही शाळा लष्कराने बंद पाडली नाही. ती १९३२ मध्येच बंद झाली होती, गाव रिकामे होण्याच्या अकरा वर्षे आधी, आणि कारण एवढेच की मुले उरली नव्हती. वॉरबॅरोची तटरक्षकांची चौकी विसाव्या शतकाच्या प्रारंभी उठली, तेव्हा तेथील कुटुंबेही गेली. शेतीत माणसांची गरज कमी होत चालली होती. पहिल्या महायुद्धाने तरुण नेले ते वेगळेच. १९३२ नंतर उरलेल्या मुलांना शिक्षणासाठी दूरच्या कॉर्फ कॅसल गावी जावे लागे. म्हणजे ज्या टाइनहॅमचे चित्र पुढे ‘हरवलेले इंग्लंड’ म्हणून रंगविले गेले, ते लष्कर येण्यापूर्वीच क्षीण होत चाललेले गाव होते. वीज आलेली नव्हती आणि घरोघरी पाण्याचे नळ नव्हते. पाणी भरावयाचे ते चर्चजवळच्या सार्वजनिक जागेवर.

जेमतेम महिनाभराची मुदत

पर्बेकच्या लोकांना तोफांचा आवाज नवा नव्हता. जवळच्या बोव्हिंग्टन येथे पहिल्या महायुद्धापासून रणगाड्यांचे शिक्षणकेंद्र होते आणि लुलवर्थच्या कड्यांवर गोळीबाराचा सराव चाले. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाने १९४१ मध्ये टाइनहॅम हाउस ताब्यात घेतले. जमीनदार राल्फ बाँड व त्यांची पत्नी आपला वाडा सोडून माळ्याच्या घरात राहावयास गेली. जमीनदार माळ्याच्या घरात, ही गोष्ट गावाने नवलाने पाहिली असणार. दोन वर्षांनी मात्र तेही घर उरले नाही.

१९४३ च्या हिवाळ्यात युरोपच्या भूमीवर सैन्य उतरविण्याची तयारी सुरू झाली होती. रणगाड्यांच्या तोफांचा पल्ला वाढला होता आणि सरावाला जागा अपुरी पडत होती. लुलवर्थच्या सराव क्षेत्राला लागून असलेली सुमारे साडेसात हजार एकर जमीन लष्कराने मागितली. त्या टापूत टाइनहॅम येत होते. दक्षिण विभागाच्या मुख्यालयातून १६ नोव्हेंबर १९४३ या तारखेची पत्रे गावकऱ्यांच्या हाती पडली. राष्ट्रीय हितासाठी १९ डिसेंबरपर्यंत जागा सोडणे आवश्यक आहे, हा त्याग लहान नाही याची सरकारला जाणीव आहे, असा पत्राचा आशय होता. हाती पडल्यापासून मोजले तर महिनाभराचाच हिशेब. घर आवरायचे, गुरे विकायची, नवे छप्पर शोधायचे, सारे त्याच अवधीत.

पत्रासोबत माहितीचा एक कागद होता आणि पुढील सारा वाद याच कागदाभोवती फिरला. लष्कराची गरज संपून मालमत्ता परत केली गेली की त्या घरात पुन्हा राहण्याचा अधिकार रहिवाशांना असेल. बाहेर काढले म्हणून तो हक्क गेला असे समजू नये, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. पुढे लोक याला ‘चर्चिलचे वचन’ म्हणू लागले. कायदेपंडिताच्या दृष्टीने त्यातील ‘गरज संपल्यावर’ या शब्दांतच सारी पळवाट होती. शेतमजुराच्या घरात तो कागद कसा वाचला गेला असेल, हे मात्र सांगावयास नको.

सव्वादोनशेच्या आसपास माणसे निघाली. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावण्यात आली. कित्येक पिढ्यांची घरे आम्ही माणसांच्या स्वातंत्र्याचे युद्ध जिंकण्यासाठी सोडून जात आहोत, चर्च आणि घरे नीट वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ, असे सैनिकांना उद्देशून तीत लिहिले होते. चिठ्ठीत तक्रारीचा सूर नव्हता. आजही या गावाविषयी लिहिताना सर्वांत आधी तिचाच उल्लेख होतो, त्याचे कारणही बहुधा तेच.

भाजीपाल्याची भरपाई

नुकसानभरपाईचा तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. बाँड घराण्याला जमिनीपोटी पुढे तीस हजार पौंड मिळाले. घरे भाड्याची असल्याने गावकऱ्यांना घराचे काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या पदरी पडली ती परसातल्या भाजीपाल्याची किंमत. ज्यांचे वाडवडील त्याच दरीत राबले व त्याच चर्चच्या आवारात पुरले गेले, त्यांचा गावावरील कायदेशीर हक्क कोबी-बटाट्यांपुरता होता!

बरीच कुटुंबे वेअरहॅम आणि आसपासच्या गावांत विखुरली. काहींना पुढे नगरपालिकेने बांधलेली घरे मिळाली. तेथे नळाचे पाणी होते, विजेचे दिवे होते. परत जावयास मिळाले असते तर सगळेच गेले असते काय, हा प्रश्न म्हणूनच उरतो. म्हाताऱ्यांना दरीची ओढ होती. तरुण बायकांनी पाण्याच्या बादल्या पुन्हा आनंदाने उचलल्या असत्या असे मानणे कठीण आहे. पण परत न जाणे ही एक गोष्ट आणि परत जाण्याचा हक्क काढून घेतला जाणे ही दुसरी.

युद्ध १९४५ मध्ये संपले, पण जमिनीची गरज संपली नाही. सोव्हिएत संघाशी शीतयुद्ध सुरू होत होते आणि रणगाड्यांना मैदान हवेच होते. अॅटली सरकारने सराव क्षेत्र कायम ठेवण्याचे ठरविले. १९४८ मध्ये सार्वजनिक चौकशीचा सोपस्कार पार पडला आणि त्यानंतर जमिनीचे सक्तीने संपादन झाले. त्याच डिसेंबरात रिकामे केलेले विल्टशायरमधील इंबर हे गावही असेच लष्कराकडे राहिले. उलट डेव्हनच्या किनाऱ्यावरील साउथ हॅम्स भागातून अमेरिकी सैन्याच्या सरावासाठी सुमारे तीन हजार लोक हलविण्यात आले होते, ते १९४४ पासून घरी परतू लागले. म्हणजे वचन पाळणे अशक्य नव्हते. टाइनहॅमचे दुर्दैव असे की, त्याच्या शेजारी रणगाड्यांची कायमची शाळा होती.

दोन बालपणे

१९५६ मध्ये लिलियन बाँड यांचे ‘टाइनहॅम : अ लॉस्ट हेरिटेज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लिलियन या वाड्यात वाढलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आपले बालपण, वाडा, बाग, चर्च आणि गावातील माणसे त्यांनी त्यात नोंदवून ठेवली. प्रवेशबंदी असलेल्या, डोळ्यांदेखत पडत चाललेल्या गावाचे हे वर्णन वाचकांच्या मनाला भिडले नसते तरच नवल. टाइनहॅमची जी प्रतिमा आज रूढ आहे तिचा पाया या पुस्तकाने घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि हे बालपण वाड्याच्या खिडकीतून पाहिलेले आहे, याचे भान ठेवावे लागते. धोबिणीच्या मुलीचे आणि जमीनदाराच्या मुलीचे टाइनहॅम एकच नव्हते. पहिलीच्या आठवणीत ओले कपडे, गर्दीची खोली आणि वाड्याच्या मर्जीची धास्तीही असणार. गावातील सामान्य कुटुंबांच्या आठवणी पुष्कळ उशिरा, मुख्यतः ती मुले म्हातारी झाल्यावर, स्थानिक अभ्यासकांनी आणि वार्ताहरांनी टिपून घेतल्या. गंमत अशी की, त्यांतही कडवटपणापेक्षा जिव्हाळाच अधिक आढळतो. समुद्रावर घालविलेले दिवस, मासे, झाडीतली वाट. ज्या जागेवर परत पाऊल ठेवता येत नाही ती आठवणीत गोड होत जाते, हे एक कारण. आणि ते लोक खरोखर सुखी होते, हेही कारण असू शकते. पॅट्रिक राइट यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द व्हिलेज दॅट डाइड फॉर इंग्लंड’ या ग्रंथात या गावाभोवती राष्ट्रीय दंतकथा कशी विणली गेली, याची बारकाईने चिकित्सा केली आहे. टाइनहॅमविषयी गांभीर्याने वाचू इच्छिणाऱ्याने ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

बाँड घराण्याच्या वाट्यालाही एक विलक्षण योग आला. राल्फ बाँड यांचे पुत्र मार्क हे युद्धात लढले, कैद झाले आणि शत्रूच्या ताब्यात असतानाच त्यांचे घर स्वतःच्याच लष्कराने घेतले. सुटकेनंतर ते त्याच लष्करात राहिले आणि मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

चळवळ आणि तडजोड

गाव बंद होते, पण सुरक्षित नव्हते. तोफगोळ्यांचे तुकडे, वारा, पाऊस आणि वाढलेली झुडुपे यांनी घरांची छपरे खाल्ली. धर्मोपदेशकाच्या निवासाला आग लागली. सर्वांत मोठा घाव मात्र सरकारी हातांनी घातला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाइनहॅम हाउसचा बराचसा भाग पाडण्यात आला आणि त्यातील दगडी काम अन्यत्र नेण्यात आले. या घटनेने असंतोषाला तोंड फुटले.

१९६८ मध्ये ‘टाइनहॅम अॅक्शन ग्रुप’ स्थापन झाला. त्यामागील प्रमुख नाव रॉडनी लेग या तरुण पत्रकाराचे. गाव रिकामे झाले तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. आठवणी एका पिढीच्या आणि चळवळ दुसऱ्या पिढीची, असे चित्र होते. दबाव वाढला तेव्हा संरक्षण खात्याच्या ताब्यातील जमिनींचा फेरविचार करण्यासाठी लॉर्ड न्यूजंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने १९७३ मध्ये अहवाल दिला आणि लुलवर्थचे सराव क्षेत्र मोकळे करून तोफखाना-शाळा वेल्समधील कॅसलमार्टिन येथे हलवावी, अशी शिफारस केली. डॉर्सेटमध्ये आनंद झाला; वेल्समध्ये साहजिकच झाला नाही. १९७४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने खर्चाचे व अन्य कारण दाखवून ही शिफारस फेटाळली.

बदल्यात मिळाली ती तडजोड. १९७५ पासून सराव नसलेल्या दिवशी गाव आणि किनाऱ्यावरच्या पायवाटा लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. चर्च व शाळा दुरुस्त करून तेथे गावाच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडण्यात आले. इतर घरांच्या फक्त भिंती सावरल्या आहेत. कोणत्या घरात कोण राहत होते, हे सांगणारे फलक तेथे आहेत. छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरातील चुलीची जागा आणि तिच्या शेजारी त्या कुटुंबाचे छायाचित्र, असे दृश्य घरोघर दिसते.

या लष्करी पहाऱ्याचा एक अनपेक्षित लाभ निसर्गाला झाला. ज्या काळात इंग्लंडच्या शेतीत कुंपणाची झाडी तोडली गेली, रासायनिक खते व कीटकनाशके आली, किनाऱ्यांवर सुटीतल्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या काळात ही दरी जशीच्या तशी राहिली. फुलपाखरे, रानफुले, पक्षी यांची येथे रेलचेल आहे. २००१ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या ‘जुरासिक कोस्ट’मध्ये हा किनारा समाविष्ट आहे. गाव परत मिळाले असते तर त्या घरांच्या किमती आज गगनाला भिडल्या असत्या आणि कोळ्यांच्या नातवंडांना ती परवडली नसती, असा युक्तिवाद लष्कराचे समर्थक करतात. युक्तिवाद चुकीचा नाही. शेजारच्या खेड्यांत तसे घडलेच आहे. मात्र वचन मोडणाऱ्याने परिणाम चांगला झाला असे सांगणे, यात एक प्रकारची सोय आहे.

टपाल कचेरीसमोरील दूरध्वनीच्या खोलीची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. १९२९ च्या नमुन्याची ही पांढरी खोली युद्ध, तोफा आणि चाळीस वर्षांचा ओसाडपणा यांतून टिकली. १९८५ मध्ये बिल डग्लस यांच्या ‘कॉम्रेड्स’ या चित्रपटाचे चित्रीकरण गावात झाले, तेव्हा मात्र ती मोडली. चित्रपट होता डॉर्सेटमधल्याच टॉलपडल गावच्या, गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून १८३४ मध्ये हद्दपार झालेल्या शेतमजुरांवर. चित्रपटवाल्यांना मोडलेल्या खोलीच्या जागी त्याच बनावटीची दुसरी आणून बसवावी लागली. आज पर्यटक छायाचित्रे काढतात ती या दुसऱ्या खोलीची.

टाइनहॅमला जाणारा रस्ता बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुटीच्या मोठ्या हंगामात खुला असतो. इतर दिवशी फाटक बंद असते आणि डोंगरावर लाल निशाण लावलेले असते. पायवाटांच्या कडेला पिवळे खांब आहेत. न फुटलेले तोफगोळे अजूनही जमिनीत असू शकतात, म्हणून ते ओलांडू नयेत अशी सूचना जागोजागी आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी सर्वांना बाहेर पडावे लागते आणि फाटक पुन्हा लावले जाते.